सारजाची जादा शीर

सारजा म्हंजी माजी धाकटी जाऊ. मुळशीच्या धरणाकडंला शेरडं राखण्यात हयात गेली तिची. लिवता येत न्हाई, धड भाकर थापता येत न्हाई. पर औंदा तिचा थाट बगावा.

झालं असं, शेरडांमागं फिरताना तिला सारखी भवळ यायला लागली. पुण्याला दवाखान्यात नेली. डाक्टर म्हणला, काळजाचं ठोकं कमी पडत्यात, मशीन बसवू. तर मशीनची तार शिरंतनं घालताना भलतीकडंच जायला लागली. मग कळालं, हिच्या छातीत डाव्या अंगाला येक मोठी शीर जादा हाय, जल्मापासनं. त्यानं काय बिगडत न्हाई, असं बी डाक्टर म्हणला. पर शिकणारी पोरंपोरी रांग लावून हिला बगून गेली. आन ही भवानी वाडीभर सांगत सुटली.

आमच्यात येखादं कोकरू येगळं निपजलं, तर त्ये देवाला सोडत्यात. त्याला इकायचं न्हाई, कापायचं न्हाई, पयला चारा त्याचा. आमचं मामा, म्हंजी सासरं, म्हणलं, "सारजाला देवानंच येगळी घडवलीया. बिरोबाचा निवद औंदापासनं तीच नील." अवो, निवदाचं ताट थोरल्या सुनंचं! लगीन होऊन आल्यापासनं मी नेतीया. माज्या अंगाचा नुसता जाळ झाला.

म्हणलं, हिच्यात निघती तर माज्यात का न्हाई? छातीत दुखतंय अशी थाप मारली, न् माज्या पोराला, सोमनाथला, घेऊन त्योच दवाखाना गाठला. सुईतनं औषध सोडलं, मोठ्या मशिनीत घातलं. मी आत पडल्या पडल्या बिरोबाला साकडं घातलं, बारकी का असंना, येक जादा निघू दे.

डाक्टरीणबाई फोटो बघून हसत म्हणल्या, "लीलाबाई, काळजी करू नका. तुमच्या सगळ्या शिरा जिथल्या तिथं आहेत." मला रडूच फुटलं. त्यास्नी वाटलं, हिचा जीव भांड्यात पडला. पाणी पाजलं मला.

घरी आलो तर सारजा दारातच हुबी, देवळात जायचं म्हणून नवं लुगडं नेसल्याली. सोमनाथनं सांगितलं तशी तिनं माजं दोन्ही हात धरलं. "बरं झालं आक्का, तुमचं समदं धड हाय. लई घोर लागला हुता मला."

खोटं बोलत न्हवती. त्येच जास्त झोंबलं. मी हात सोडवून घेतलं, चुलीपुढं बसून निवदाचं ताट वाढलं न् तिच्या हातात दिलं. मामा बगत हुतं म्हणून, न्हाईतर दिलं नसतं.