खंडेनवमीला फ्रिजचा बोर्ड

मुलांनो, तुमच्या तिकडे इलेक्ट्रिशियन हवा तर आधी वेळ ठरवावी लागते, हे परवा फोनवर ऐकलं. आमचा इलेक्ट्रिशियन मागच्याच गल्लीत राहायचा, तरी एकदा आम्ही कसे अडकलो, ते सांगायचं राहून गेलं आहे. तुमचे आजोबा सांगायला लागले की मध्येच हसत सुटतात, म्हणून मी लिहिते.

ऐंशीनंतरची गोष्ट. आजोबांनी बेळगावच्या घराच्या पुढच्या खोलीत कोल्ड्रिंक हाऊस काढलं. दसऱ्याला सकाळी उद्घाटन. अख्ख्या गल्लीला आइस्क्रीमचं बोलावणं गेलं होतं. घराचं आणि दुकानाचं वायरिंग त्या मागच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडेच होतं. अष्टमीच्या संध्याकाळी फ्रिजचा स्विचबोर्ड बसवायचा तेवढा राहिला. "उद्या करतो," म्हणून तो हत्यारांची पिशवी आमच्याकडेच ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. माझ्या सासूबाईंनी सकाळीच घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली. विळी, कात्री, कोयता, आजोबांचा वस्तरा आणि त्यांच्या शेजारी इलेक्ट्रिशियनची पकड, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवत नाहीत.

तो आला, चपला काढल्या, स्वतःच्याच पकडीला नमस्कार केला आणि भिंतीला टेकून बसला.

"अरे, तुझीच पकड ना? उचल की," आजोबा म्हणाले.

"कालपतोर माजी हुती, अण्णा. आता देवाची हाय."

"दूध आटवून ठेवलंय. रात्रीत घट्ट झालं नाही तर उद्या गल्लीला काय देऊ? बासुंदी?"

"बासुंदी काय वाईट न्हाय."

"दुसऱ्या कुणाची पकड आण."

"कुणाची आणू? गॅरेजवाल्यानं पान्यालाबी हार घातलाय."

मी कपाटातलं नेलकटर आणलं आणि सासूबाईंकडे पाहिलं.

"नखं काढायच्या वस्तूची कसली पूजा?" त्या म्हणाल्या. "घे रं. पण लवकर आटप."

तार त्याने दातांनी सोलली, नेलकटरने तोडली आणि नेलकटरमधल्याच कानशीच्या टोकाने स्क्रू आवळले. टेस्टर पाटावर होता, तारेत वीज आहे का ते तपासता येत नव्हतं, त्यामुळे बंद केलेल्या मेन स्विचला कुणी हात लावू नये म्हणून मी तिथे पहाऱ्याला उभी. आजोबा सारखे विचारत होते, "झालं का?"

"हेला धारच न्हाय," तो म्हणाला. "अण्णा, तुमची नखं लई दणकट दिसत्यात."

संध्याकाळी फ्रिज घुमू लागला. सकाळी आइस्क्रीम इतकं घट्ट झालं होतं की चमचा वाकला. पाहुण्यांनी ते चोखून खाल्लं, कुणी तक्रार केली नाही. बोर्ड घाईत उलटा बसल्याचं चार दिवसांनी आमच्या लक्षात आलं.

दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. त्या खोलीत आता माझी पुस्तकं आहेत. बोर्ड त्याच भिंतीवर तसाच उलटा आहे, आता त्याला पंखा जोडलाय आणि त्याचं बटण वर केलं की पंखा सुरू होतो.