एका व्यापाऱ्याचे चार फोन

"ताई, त्यो फोन उचलू नगा! बॅक दाबला गेला तर समदं मुसळ केरात!"

अण्णा ओरडले तसा मी हात मागं घेतला. अण्णा तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. आमच्या सांगलीच्या कंपनीनं बनवलेल्या ॲपवर ते बेदाण्याची बोली लावायचे. त्या दिवशी त्यांचं अकाउंट एकदम चार फोनवर चालू दिसलं, आणि आमच्या सिस्टिमनं चोर समजून ते लॉक केलं. दुपारी बोली बंद होणार. हिरव्या बेदाण्याचा शब्द अण्णा पुण्याच्या गिऱ्हाइकाला देऊन बसलेले. म्हणून बॉसनं मला तासगावला पिटाळलं.

सतरंजीवर चार फोन ओळीनं मांडलेले. एक अण्णांचा, एक काकूंचा, दोन दुकानातल्या माणसांचे. प्रत्येकावर लॉक व्हायच्या आधी उघडलेल्या वेगळ्या मालाचा फोटो.

"आवं, सौद्यात आमी काय करतो? मालाच्या ताटल्या म्होरं ठेवतो. ह्यो माल बघायचा, त्यो बघायचा, परत पयल्यावर यायचं. मग दर. तुमच्या ॲपात परत यायची वाटच न्हाई!"

कपाळावर हात मारून घेतला मी. बॅक दाबलं की आधीची स्क्रीन यावी, एवढी साधी गोष्ट. आमच्याकडं थेट होम यायचं आणि यादी पुन्हा पहिल्यापासून. "यूजर गोंधळतो," म्हणून बॉसनं हट्टानं तसं करून घेतलेलं. त्यावरून मी भांडलेही होते.

बॉसला स्पीकरवर फोन लावला.

"सर, अकाउंट उघडा."

"आधी सांग, एका माणसाला चार फोन कशाला?"

"एखादा माल उघडा आणि बॅक दाबा."

"दाबलं. होमवर आलो."

"आता तोच माल परत शोधा."

"थांब, शोधतो." मग, "अगं, मगाशी कुठला होता तो?"

"आता कसं!" अण्णा शेजारून म्हणाले.

अकाउंट उघडेपर्यंत बोली बंद झाली. हिरवा बेदाणा दुसऱ्यानं नेला. अण्णांनी पुण्याला फोन लावला. "या खेपेला न्हाई जमलं, शेठ," एवढंच बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बॅक दुरुस्त केलं. चहाच्या आधी काम संपलंसुद्धा. मीटिंगमध्ये बॉसनं विचारलं, "पण इतके दिवस एकाही यूजरची कंप्लेंट कशी नाही आली?"

कशी येणार? ॲप छळायला लागलं, की आपली माणसं तक्रार करत नाहीत. बायकोचा फोन मागून घेतात.