बॉल तालमीत गेला

गोलपोस्टाजवळ पाडा मरून पडला होता.

सांगलीचं मैदान, सकाळची वेळ. मिरजेचा संघ समोर ओळीत उभा, आमचा संघ इकडे. पंच हातातल्या घड्याळाकडे बघत होते. कुणीतरी मोकाट सोडलेला, वर्षाचाही न झालेला तो पाडा रात्रीत येऊन तिथे पडला आणि तिथेच गेला. पोट फुगलं होतं. तोंडावर माश्या. नगरपालिकेच्या माणसाला बोलवायला एक जण सायकलवरून गेला होता. तो अजून परतला नव्हता.

आमच्या क्लबचे अध्यक्ष खुर्चीवरून उठले. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत. नदीकाठची उसाची बागायत, दारात जीप, क्लबचा सगळा खर्च त्यांच्या हातून. नाकाला रुमाल लावून ते पाड्याभोवती फिरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वाट कुनाची बघताय रं? आपल्या टीमातच हाय की मानूस."

अकरा जणांच्या ओळीत मी उभा होतो. राइट आउट, म्हणजे उजव्या कडेचा फॉरवर्ड. अंगात क्लबची पिवळी जर्सी, पायात क्लबचे बूट. बाकीच्या दहा जणांनी माझ्याकडे पाहिलं. अण्णासाहेबांनी नाव घेतलं नव्हतं. घ्यावं लागलं नाही.

कुणीतरी दोर टाकला. माझ्या पायाशी येऊन पडला.

"घे. दोन मिन्टाचं काम. तुमच्या हाताला सवय असती."

प्रेक्षकांतून हसू आलं. मोठं नाही. घरातल्या गमतीवर हसतात तेवढंच.

मी वाकलो आणि दोर उचलला.

माझ्या हाताला सवय नव्हती. हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आमच्या वस्तीने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी मराठी शाळेत होतो. दीक्षेनंतर पहिल्यांदा पाटलाचा बैल मेला आणि ओढायला या म्हणून निरोप आला, तेव्हा माझे वडील आणि वस्तीतले सगळे बाप्ये चावडीपुढे जाऊन सांगून आले, की हे काम आता आम्ही करणार नाही. गावाने गिरणी बंद केली. शेतावरची कामं बंद केली. दुकानदार मीठ देईना. आम्ही जोंधळे शिजवून खाल्ले. पण त्या दिवसानंतर आमच्या वस्तीतल्या एकाही माणसाने मेलेल्या जनावराला हात लावला नाही. मी तर आयुष्यात कधीच लावला नव्हता.

म्हणून मला गाठसुद्धा मारता येईना. मी पुढच्या पायांना दोर बांधला आणि ओढला. गाठ सुटली. मी मागे उताणा पडलो. तेव्हा मात्र लोक मोठ्याने हसले.

आमचा गोलकीपर शिवा जवळ होता. माझ्याशी त्यातल्या त्यात नीट बोलणारा तो एकच. तो हलक्या आवाजात म्हणाला, "मागच्या पायाला बांद, गड्या. दोन येढं दे." सांगितलं त्याने. पुढे मात्र झाला नाही.

मी दोन वेढे दिले. मैदान संपतं तिथल्या चरापर्यंत पाडा एकट्याने ओढत नेला. बुटांचे खिळे गवतात रुतत होते. पिवळ्या जर्सीवर घाम आला. बिगूल वाजवावा तशी पोरं मागून ओरडत होती, "वढ रं, राइट आउट, वढ!"

पाटावर हात धुवायला गेलो तर शिवाने लांबून साबणाची वडी फेकली.

मग शिट्टी वाजली आणि मी खेळलो.

मी त्या क्लबात आलो कसा, ते सांगायला हवं.

मी उंब्रजचा. आमच्या वस्तीत फुटबॉल आणला तो हवालदार आबांनी. आबा पलटणीतून पेन्शनीवर आले ते ट्रंकेत एक बॉल घेऊन. आम्ही तेव्हा पाच-दहा पोरं. नदीच्या कडेला पाणी ओसरलं की जी सपाट जमीन उघडी पडायची, तिथे आबांनी बांबू रोवले. आम्ही अनवाणी खेळायचो. आबा खाकी हाफ पँट घालून मध्ये उभे राहायचे आणि पलटणीतल्या हिंदीत शिव्या द्यायचे. "पीछे मुड! अरे बाळ्या, बॉल तिकडं हाय, तुझं डोकं कुटं हाय?" खेळून झालं की सगळ्यांना बसवून पाढे म्हणायला लावायचे. जो शाळा बुडवेल त्याला बॉलला पाय लावू द्यायचे नाहीत. आमच्या या फुटबॉल मंडळातली पोरं मॅट्रिकपर्यंत गेली ती या एका नियमामुळे. त्यांचे आणि आमच्या हेडमास्तरांचे उपकार माझ्यावर आहेत. मी पदवीधर झालो, हे अक्षर काढतो आहे, ते त्यांच्यामुळे. उपकार मानायला मला कधी कमीपणा वाटला नाही. वाटू नये असंच मला शिकवलं होतं.

आणि तिथेच मी फसलो.

कऱ्हाडच्या स्पर्धेत आम्ही सांगलीच्या या क्लबाला हरवलं. गोल माझा होता. सामना संपल्यावर अण्णासाहेब स्वतः आमच्याकडे चालत आले. आबांना म्हणाले, "पोरगं लय चपळ हाय. द्या आमच्याकडं. कालिजात घालतो, खोली देतो, खानावळ लावून देतो." वस्तीतलं कुणीच तोवर कॉलेजात गेलेलं नव्हतं. वडिलांनी आबांकडे पाहिलं, आबांनी माझ्याकडे. मी हो म्हणालो. एवढा मोठा बागायतदार, शिकलासवरलेला, माझ्यासारख्याला कॉलेजात घालतो म्हणतो. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले होते, ते मला तेव्हा नम्रपणा वाटला.

एस.टी. इस्लामपूर सोडून आष्ट्याला आली तेव्हा मी खिडकीतून ऊस बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता गाव मागे राहिलं.

सांगलीत क्लब एका तालमीचा होता. सगळा कारभार तालमीत चालायचा. आत मारुती, पुढे लाल माती. सामन्याआधी सगळे आत जाऊन कपडे बदलायचे. बॉल मारुतीपुढे ठेवायचे, त्याला कुंकू लावायचे, मग तो घेऊन मैदानावर यायचे. पहिल्या दिवशी मी उंबऱ्याशी पोचलो तर शिवा आडवा आला.

"तू हितंच थांब, गड्या. आत माती हाय. आंघूळ करून यावं लागतंय."

"मी केलीया आंघूळ."

"तरी बी."

मी तालमीबाहेरच्या चिंचेखाली कपडे बदलले. त्यानंतर रोज तिथेच बदलले. शिवा माझी जर्सी आतून आणून द्यायचा, झाडाच्या बुंध्यावर ठेवायचा. मी स्वतःला सांगायचो, मला कुठे मारुतीच्या पाया पडायचं आहे? आपण दीक्षा घेतलेली माणसं. आत गेलो नाही तर बरंच. अशी समजूत मी घालून घेतली. कॉलेज सुरू होतं ना? खोली होती ना? त्या खोलीवर मी रोज संध्याकाळी इंग्रजी वाचत होतो. वर्गात प्राध्यापक मला नावाने हाक मारत होते. एवढं मिळतंय, तर चिंचेखाली कपडे बदलायला काय झालं?

माणूस थोडं थोडं गिळतो. मग त्याच्यापुढे पाडा टाकतात.

त्या क्लबात एक रीत होती. जिंकवणारा गोल ज्याचा, त्याला खांद्यावर घेऊन तालमीपर्यंत न्यायचं. याआधी एकदा मलाही नेलं होतं. चिंचेपर्यंत. तिथे उतरवलं होतं. तरी मला त्याचा अभिमान वाटला होता, घरी सुट्टीत जाऊन मी ते सांगितलंही होतं.

त्या दिवशी मिरजेविरुद्ध शेवटच्या क्षणी गोल केला तो मी. पास सगळ्यांनी नीट दिले होते. जिंकायचं सगळ्यांनाच होतं. बॉल जाळीत गेला आणि सवयीने मी हात वर करून संघाकडे धावलो. ते थबकले. माझ्या हातांकडे बघत होते.

मग कुणीतरी जाळीतून बॉल काढला. "चला रं!" म्हणाला. त्यांनी बॉल खांद्यावर घेतला. गुलाल उधळला. मी मागून चालत गेलो. बॉल तालमीत गेला. गुरांच्याच कातड्याचा तो बॉल. मारुतीपुढे बसला, कुंकू लागलं, पुढे नारळ फुटला. उंबऱ्याबाहेर उभा राहून मी ते बघत होतो. माझ्या पायाने मारलेला बॉल आत चालतो. मी चालत नाही.

हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. कळूनही मी चिंचेखाली कपडे बदलले आणि खोलीवर गेलो. रात्री खानावळीत जेवलोसुद्धा.

माझी खरी लाज ही आहे. दोर उचलला त्याहून ही मोठी आहे.

पुढे काही आठवड्यांनी, परीक्षा तोंडावर आली होती, तेव्हा सकाळी शिवा खोलीवर आला. दारातूनच म्हणाला, "अण्णासायबांनी बोलीवलंय. मळ्यात रेडकू मेलंय."

"मग?"

"मग काय? तू मागं वढलंतंस की. चल, लगीच हुतंय. आनि हे बग, त्यांचा गडी गावाला गेलाय, न्हाईतर बोलीवलं नसतं." त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एकदा केलं म्हणजे ते माझं काम झालं होतं. असंच होत आलं असणार. आमच्या आज्या-पणज्यांपैकी कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा, दोन मिनिटांचं काम म्हणून, दोर उचलला असणार.

मी मळ्यात गेलो. शिवा बरोबर होता. अण्णासाहेब गोठ्यापुढे बाजेवर बसून चहा पीत होते.

"आलास? दोर तितं खुंटीला हाय."

"मी वढनार न्हाई, अण्णासाहेब."

माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ऐकू आलं नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं.

"काय न्हाई?"

"वढनार न्हाई."

"मागं कसा वढलास?"

"तवा वढायला नको हुतं."

त्यांनी बशी खाली ठेवली. चिडले नव्हते. मला वाटतं त्यांना खरंच नवल वाटलं. "खोली कुनाची रं? कालिजात कुनी घातलं?"

"तुमची खोली. तुमीच घातलं. ते मी विसरनार न्हाई. पर हे काम माझं न्हाई."

"कुनाचं हाय मग? माझं?"

"तुमचं रेडकू हाय."

शिवाने मान खाली घातली. अण्णासाहेब म्हणाले, "बूट, जर्सी, खोलीची किल्ली. दुपारच्या आत शिवाकडं दे." आणि चहा परत उचलला.

पुस्तकातल्या शूर माणसांसारखं मला काहीही वाटलं नाही. परीक्षा कशी देणार, घरी काय सांगणार, एवढंच डोक्यात. बूट काढताना ते क्लबचे आहेत म्हणून पुसून ठेवले. पुसताना स्वतःचाच राग आला, तरी पुसले.

उंब्रजला उतरलो तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. माझ्या हातातली पुस्तकांची गाठोडी त्यांनी बघितली. आत आईने तांब्या भरून ठेवला. मी पाणी प्यायलो. मग वडील म्हणाले,

"दोर धरलास म्हनं."

आमच्या गावचे चार जण त्या सामन्याला होते. वस्तीला कधीच कळलं होतं. इतके दिवस ते माझी वाट बघत होते.

"व्हय."

"सगळ्यांम्होरं?"

"व्हय. आज पुन्ना धरायला सांगिटलं. न्हाई धरला. म्हनून आलो."

ते उठले. वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आमी अंगठंबाद्दर. आमी चावडीम्होरं जाऊन सोडलं. तू कालिजात जाऊन धरलास." आणि रानात निघून गेले.

संध्याकाळी मी नदीवर गेलो. पोरं खेळत होती. हवालदार आबांनी मला बघितलं. जवळ बोलावलं नाही, हाकलूनही दिलं नाही. खेळ संपल्यावर पोरांना बसवलं, पाढे म्हणवले, आणि मग मला म्हणाले, "परीक्षा कवा हाय?"

"पुढच्या सोमवारपासनं."

"जायचं. रोज एस.टी.नं जायचं, रोज यायचं. खेळायचं मागनं बघू. टीम तुजी वाट बघत न्हाई बसली."

माझी जागा दुसऱ्या पोराला दिली होती. ते बरोबरच होतं.

सोमवारी मी पहाटेची एस.टी. पकडून सांगलीला गेलो. कॉलेजच्या फाटकाशी शिवा उभा होता. तोही परीक्षेला आला होता. इकडेतिकडे बघून जवळ आला.

"गड्या, एकडाव माफी माग. अण्णासायब मनानं वाईट न्हाईत. परत घेतील."

"माफी मी कशाची मागू?"

"तोंडावर न्हाई म्हनलास न्हवं त्यास्नी. आरं, म्हनायला काय जातंय? राइट आउटची जागा अजून रिकामीच हाय."

"ऱ्हाऊ दे रिकामी."

तो खजील झाला. मला त्याचा राग आला नाही. घंटा झाली, आम्ही दोघे आत गेलो.

मी पेपर लिहिला. पुढे सगळे पेपर लिहिले, पुढची वर्षंही काढली, आणि बी.ए. झालो. पण फाटकातून आत जाताना मी जे ठरवलं ते पदवीपेक्षा मोठं आहे, आणि ते अजून तसंच आहे. कुणी मला शिकवलं, जेवू घातलं, निवारा दिला, तर मी जन्मभर त्याचं नाव घेईन. त्याच्या बदल्यात कुणी माझी मान मागितली तर ती देणार नाही. भले तो कितीही मोठा असो, भले मी उपाशी असो. आणि माझी लाज मला कुणी पुसून देऊ नये. ती मी ठेवून घेतली आहे. उद्या माझ्या पोरापुढे कुणी हसत हसत दोन मिनिटांचं काम टाकलं, तर त्याआधी त्या माणसाची गाठ माझ्याशी पडेल.