वारंगा फाट्याचे डॉक्टर

आता कसं सांगू तुम्हाला! स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून मी स्वतःचंच कपाळ फोडून घेतलं. हसू नका हो, आधी चहा घ्या.

हिंगोलीच्या कॉलेजात आमच्या एम.एफ.ए.च्या शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन होतं. चित्र विकलं गेलं की खालच्या नावाच्या चिठ्ठीवर लाल ठिपका लावायचा, ही आमच्यातली रीत. आम्ही आपलं टिकल्यांचं पाकीट आणलं होतं. ते सरांच्या टेबलावर असायचं, म्हणजे कुणी आगाऊपणा करू नये!

बाबांची अट सरळ होती. "एक तरी चित्र परक्या मानसानं घेतलेलं दाखव. न्हाईतर बी.एड.चा फॉर्म भर." दुपारच्या एस्टीने ते आमच्या हट्टा गावाहून यायचे होते. आणि माझ्या चित्राकडे कुत्रंही फिरकेना. आई अंगणात हळद निवडत बसलेली, असं चित्र. दोन महिने खपून काढलेलं!

दहा वाजून गेले. हॉलमध्ये कुणी नाही असं बघून कपाळावरची टिकली काढली आणि चिकटवली चिठ्ठीवर. बाबांनी बघितलं की काढून टाकायची, एवढाच बेत.

वळते तर मागे सर!

"अगं सुषमा! पहिलं चित्र गेलं? कोणी घेतलं?"

"डॉक्टर..." तोंडातून निघालं. "वारंगा फाट्याचे."

"नाव काय?"

"घाईत होते, सर. संध्याकाळी न्यायला येतायत."

सरांना इतका आनंद झाला की ते थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी माइक घेतला. वारंगा फाट्याच्या रसिक डॉक्टरांसाठी टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या, काय करता? मग घाम पुसत कँटीनच्या मागे दुपारपर्यंत लपून बसले. परत येऊन टिकली काढावी म्हटलं, तर सर चित्राशेजारीच खुर्ची टाकून बसलेले. येईल त्याला डॉक्टरांची गोष्ट सांगून राहिले होते.

तेवढ्यात बाबा दिसले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मी धावले.

"बाबा! विकलं! परक्या माणसानं घेतलं!"

"व्हय. सकाळीच पाह्यलं." चेहरा पार उतरलेला.

"सकाळी? तुम्ही तर दुपारी येणार होता ना?"

"पयल्या गाडीनं आलो. तू दिसली न्हाईस. टेबलावर म्हनलं, ते हळदीचं द्या. सर म्हनले, गेलं."

"तुम्ही? चित्र घेणार होता?"

"नाव सांगणार नव्हतो. परका मानूस म्हनूनच घेणार व्हतो. माजी अट पुरी झाली असती, अन् तुजी माय घरच्या भिंतीवर आली असती." त्यांनी काखेतलं पुडकं दाखवलं. "रिकाम्या हातानं काहून जावं? सचिनची म्हैस घेतली."

सचिन माझा वर्गमित्र. तिकडे त्याच्या म्हशीच्या चित्राच्या चिठ्ठीवर टिकली लागलेली आणि तो गडी नाचत होता!

इतकं प्रेम, आणि मला पत्ता नाही! तर बाबा म्हणतात, "त्या डॉक्टरचा नंबर दे. हात जोडतो त्याला. म्हनतो, बाबा रे, घरचं मानूस हाय, परत दे."

"नंबर नाही, बाबा."

सर लगेच उठले. "थांबा काका, वारंग्याला माझा भाचा आहे. आत्ता शोधून काढतो डॉक्टर!" आणि फोन लावलाच.

आता काय करायचं सांगा! भाचा बिचारा वारंग्यातले सगळे दवाखाने पालथे घालणार. मी डोळे मिटले आणि बोलून टाकलं, "डॉक्टर नाहीच आहे, बाबा. टिकली माझी आहे."

बाबांनी चिठ्ठीकडे पाहिलं. मग माझ्या मोकळ्या कपाळाकडे. सरांनी फोन हळूच खिशात घातला.

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. बी.एड.चा फॉर्म!

"हा इथंच तुज्या समोर फाडणार व्हतो," ते म्हणाले. कागद उलगडला, तळहातावर नीट सरळ केला आणि माझ्या हातात दिला. "थापा तर बराबर जमल्या. आता शिकवायचंबी शिक."

म्हैस आमच्या बैठकीत लागलीय, समोरच्याच भिंतीवर. सुट्टीत घरी गेले की रोज बघते. मी सध्या बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.