ताटावर आडवा हात

टिपणीसभावजी आमच्याकडे येताना पहिल्या मजल्यावर थांबून सोसायटीची नोटीस वाचायचे. टाकी धुण्याची तीच ती नोटीस, तीन महिने लावलेली. ती मन लावून वाचायचे आणि श्वास जागेवर आला की दुसऱ्या मजल्यावर आमची बेल वाजवायचे. "पाठ झाली का हो?" मी विचारायची. "वहिनी, सोसायटीच्या कारभारावर कुणीतरी लक्ष ठेवायला नको?" म्हणत ते सोफ्यावर बसायचे, आणि मिनिटभर त्यांना पुढचं बोलता यायचं नाही.

ते आमच्या ह्यांचे मित्र. दोघेही फरीदाबादच्या कारखान्यात ज्युनियर इंजिनियर म्हणून लागले, तेव्हा दोघेही सारखेच किडकिडीत होते. मयूर विहारमधून दोन बस बदलून जायचे, उभ्याने. मग दिवस पालटले, मानेसरला मोटारींचे सुटे भाग करणारी नवी कंपनी आली आणि दोघे तिकडे गेले. आमचे हे शॉपफ्लोअरवर दिवसभर पायपीट करत काडीपैलवानच राहिले. भावजी परचेसचे साहेब झाले. दाराशी गाडी, दिवसभर खुर्ची, मीटिंगला समोसे, सप्लायरबरोबर हायवेच्या ढाब्यावर लोण्याचे पराठे. "कंपनी वाढली, दिल्ली वाढली, मीच का मागे राहू?" असं म्हणून पोटावर थाप मारायचे. आणि ताटात काही वाढलं की, "चलो, एक और!"

मला हा माणूस फार आवडायचा. आग्रह करून वाढण्यात माझा हात धरणारं आमच्या सोसायटीत कोणी नव्हतं, आणि त्यांच्यासारखं खाणारंही कोणी नव्हतं. मुलगी पिझ्झा मागवते, नवरा दीड पोळीत उठतो. मग रांधायचं तरी कुणासाठी?

एका वर्षी कंपनीच्या तपासणीत त्यांची शुगर निघाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर साधा आजारही भारी पडेल. माणूस घाबरला. पहाटे पार्कात चालू लागला. डब्यात काकडी, मूग, ज्वारीची भाकरी. ज्वारीचं पीठ पुण्याहून मागवायचा. चार महिन्यांत पट्ट्याला आतल्या बाजूला दोन नवी भोकं पाडावी लागली. ती त्यांनी मला मुद्दाम वर येऊन दाखवली, अगदी परीक्षेचा निकाल दाखवावा तशी. नोटीस न वाचता आले होते त्या दिवशी.

मग आमच्याकडे गौरी आल्या. मी खव्याच्या साटोऱ्या केल्या होत्या. भावजींनी वरणभात घेतला, कोशिंबीर घेतली आणि साटोरी आली तसा ताटावर हात आडवा धरला. "वहिनी, आज माफी." मला राग आला. खरंच आला. चार माणसांत माझी साटोरी नको? "मेलं ते डाएट! सणाच्या दिवशी माझा हात रिकामा परत पाठवणार?" मी म्हटलं. पंगत हसली, आमचे हेसुद्धा म्हणाले, "खा रे यार, एका दिवसाने काय होतंय!" भावजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात काढला. मी दोन वाढल्या, वर तूप सोडलं. नंतर दर रविवारी मी काहीतरी करून बोलवायची, तेही यायचे. दिवाळीपर्यंत ती पट्ट्याची भोकं निकामी झाली. मला वाटलं, आपला जुना माणूस परत आला.

त्याच थंडीत स्वाइन फ्लू आला. एकाच आठवड्यात आमचे हे आणि भावजी, दोघांना ताप. ह्यांचा आठ दिवसांत उतरला. भावजींना पाचव्या दिवशी धाप लागली. अँब्युलन्समध्ये चढवताना मास्क खाली ओढून मला म्हणाले, "कंट्रोलमध्ये आहे वहिनी, बिल्कुल कंट्रोलमध्ये." हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईने समजावलं, "दुबले लोग भी सीरियस होते हैं, आंटी. लेकिन इतना वज़न और ऊपर से शुगर, तो ये फ्लू जल्दी बिगड़ता है. फेफड़े पूरा फूल ही नहीं पाते." मी मान डोलावत राहिले. अकराव्या दिवशी भावजी गेले.

महिन्याभराने त्यांची बायको नलिनी पुण्याला जायला निघाली. निरोप घ्यायला वर आली, तेव्हा मी चहा ठेवला आणि सवयीने फरसाणाची बशी पुढे केली. तिने बशीकडे पाहिलं.

"सुमाताई, एक सांगू? रागावू नका. त्या गौरीच्या जेवणाहून घरी आले ना, तर बाथरूममध्ये जाऊन रडले हो. मला म्हणाले, नलू, पुढच्या वेळी तूच सांग ना वहिनींना, मला त्यांना ‘नाही’ म्हणवत नाही."

"मग अगं, सांगितलं का नाहीस? दर रविवारी बोलवत होते मी!"

"दोनदा जिना चढून आले होते मी," नलिनी म्हणाली. "पण तुम्हाला वाईट वाटलं असतं."