थैलीवरची शपथ

थैली पाठीवर, मुडबी गाव मागं पडलेलं, आणि पोटात मुरडा उठला. आडोशाच्या बाभळी अजून पाव कोस लांब. दात आवळले आणि पळत राहिलो. त्या वर्षी माझे निम्मे दिवस असेच जायचे.

निजामाच्या राजवटीत मी हरकारा होतो. हरकारा म्हणजे टपालाची थैली पाठीवर टाकून पळणारा माणूस. मुडबीहून कडगंचीच्या अंगाला तीन कोस पळायचं. तिथं एक झोपडी होती, तिला आम्ही चौकी म्हणायचो. चौकीत पुढचा हरकारा कासीम बसलेला असायचा. त्यानं आणलेली थैली मी घ्यायची, माझी त्याला द्यायची आणि माघारी पळायचं. थैली चौकीतच हात बदलणार आणि ड्यूटीच्या वेळी चौकी रिकामी ठेवायची न्हाई, हे दोन नियम. त्यात कुणाला माफी नव्हती.

माझं दुखणं आतड्याचं. गावचे वैद्य संग्रहणी म्हणायचे. पुढं हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतड्याला कायमची सूज आहे, आत जखमा आहेत, हे दबतं पण जात न्हाई. तसंच व्हायचं. चार-दोन महिने मी असा पळायचो की घोडेवाल्यानं बघत राहावं. मग एका सकाळी रक्त दिसायचं आणि दिवसातून दहा-बारा वेळा बसावं लागायचं. थैली भुईला टेकवायची न्हाई ही आमची रीत, म्हणून ती फांदीला अडकवायची आणि मग बसायचं.

पळायच्या आधी मी काही खायचो न्हाई. पोटात काही नसलं तर बाहेर काय पडणार, एवढीच माझी अक्कल. घरी सांगायचो, उपास आहे. थोरल्या अक्काला वाटायचं, भाऊ मोठा शिवभक्त निघाला. शेजारच्या बाया माझ्या पाया पडायच्या. लाजेनं मान वर होत नव्हती.

कासीमला मात्र कळलं. एकदा चौकीच्या दारातच मी भोवळ येऊन पडलो. धोतर रक्तानं भरलेलं. त्यानं पाणी पाजलं, स्वतःची लुंगी दिली आणि म्हणाला, साहेबाला सांगून बसकं काम मागून घे. मी त्याचा हात धरून थैलीवर ठेवला आणि शपथ घातली, कुणाला सांगायचं न्हाई. आम्हा हरकाऱ्यांत थैलीवरची शपथ म्हणजे शेवटची. ज्यानं घातली त्यानंच ती सोडवायची. नोकरी जाण्याचं भ्याव होतंच. पण खरं सांगू का, पळणं जाईल याचं जास्त होतं. मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही आवडतही नव्हतं.

मग कासीमनंच तोड काढली. आज माझं तोंड उतरलेलं दिसलं की उद्या तो चौकी सोडून कोसभर पुढं ओढ्यापाशी यायचा. थैली तिथंच बदलायची. जाऊन-येऊन माझे दोन कोस वाचायचे, त्याचे दोन कोस वाढायचे. सात-आठ महिने असं चाललं. एका शब्दानं त्यानं कधी बोलून दाखवलं न्हाई.

एका सकाळी इन्स्पेक्टर साहेब तपासणीला चौकीवर आले. चौकी रिकामी. थोड्या वेळानं ओढ्याकडून कासीम थैली घेऊन पळत आला. ड्यूटी कामून सोडलीस, म्हणून साहेबांनी तीन-तीनदा विचारलं. तो एवढंच म्हणाला की चूक झाली. त्याला तिथंच कामावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी चौकीत नवा माणूस दिसला, त्याच्याकडून मला हे कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांचा मुक्काम मुडबीतच होता. रोज त्यांच्या दारावरून पळत जायचो, रोज ठरवायचो की माघारी आल्यावर सांगायचं. माघारी आलो की वाटायचं, उद्या सांगू. चौथ्या दिवशी साहेबांच्या घोड्यावर खोगीर चढलं, तेव्हा जाऊन पुढं उभा राहिलो.

"साहेब, कासीम माझ्यासाठी ओढ्यापर्यंत यायचा. मला रक्त पडायलंय. तीन वर्षं झाली."

"मग त्यानं सांगितलं का नाही?"

"मी शपथ घातली व्हती."

साहेबांनी तिथंच चिठ्ठी लिहिली. मग मला बीदरला डॉक्टरांकडं पाठवलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, चार प्रश्न विचारले आणि सर्टिफिकेटवर अनफिट लिहिलं. कासीमला परत कामावर घेतलं. मला घरी बसवलं.

तो कामावर आला त्या दिवशी मी चालत चौकीवर गेलो. त्या तीन कोसांना निम्मा दिवस लागला. कासीम थैली पाठीवर घेऊन निघायच्या बेतात होता. मी म्हणालो, "तुझी शपथ सुटली, कासीम."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "शिवण्णा, चार दिन लगे तेरेकू?"

एवढं बोलून तो पळत गेला. त्यानंतर बाजारात, जत्रेत कितीदा समोर आला, पण परत माझ्याशी बोलला न्हाई.

नोकरी करणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, दुखणं असलं तर पहिल्या दिवशी साहेबाला सांगून मोकळं व्हावं. माझी नोकरी जायची ती गेलीच. पहिल्या दिवशी गेली असती तर कासीम माझ्याशी बोलत राहिला असता.