दिल्या घरच्या बायका

सख्ख्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला असताना मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आमच्या घराण्यात असलं काही नाही. बहीण माझ्या शेजारीच बसली होती.

"मग मी कोण रे, एसटीत भेटलेली बाई?" ती म्हणाली.

माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला तपासून घ्यायला तिनंच आम्हा बापलेकीला मुरबाडहून कल्याणच्या दवाखान्यात ओढत आणलं होतं. मी काही मुद्दाम खोटं बोललो नाही. बहीण शहापूरला दिलेली. आडनाव वेगळं, कुळाचा देव वेगळा. आत्या याच दुखण्यानं गेली, तीही दिल्या घरी. आमच्यात घराणं मोजायचं ते पुरुषांवरून, आणि पुरुष सगळे ठणठणीत. हे सगळं मी डॉक्टरीणबाईंना समजावूनही सांगितलं. किती तो उत्साह.

त्यांनी ऐकून घेतलं. "काका, तुमच्या उत्तरावर मी हिला चाळिशीनंतर या म्हणून घरी पाठवणार होते."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

या कॅन्सरचा जनुकातला दोष बापाकडूनही लेकीला येतो, हे मला त्या दिवशी कळलं. आधी बहिणीचं रक्त तपासलं, त्यात सापडला. मग माझं. माझ्यात नसता तर पोरगी तिथंच सुटली असती. पण होता. मग तिचं, तिच्यातही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दर सहा महिन्यांनी डॉक्टरकडून तपासणी, वर्षाला एक एमआरआय, तिशीपासून जोडीला मॅमोग्राफी. एमआरआय खरं तर पंचविशीपासूनच व्हायला हवा होता.

बातमी चुलतभावाला लागली. तो आला, चहा प्यायला, म्हणाला, "पोरीचं लगीन ठरेपर्यंत तोंड बंद ठेव. तपासण्या मागून करता येतील."

आतून मुलगी बाहेर आली. "काका, ज्याला माझा एमआरआय जड वाटंल, त्याच्या घरात मी तरी कशाला जाऊ? पुढच्या आठवड्यात करतेय मी. तुमी येताय का सोबत?"

चुलतभावानं कप खाली ठेवला आणि चपला शोधल्या.

मला गप्प बस म्हटलं की माझ्या अंगात येतं. महिन्याभरात त्याच्याच मुलाची हळद होती. अशा वेळी दिल्या घरच्या झाडून साऱ्या बायका माहेरी जमतात. दोन गाण्यांच्या मध्ये मी डीजेवाल्याचा माईक घेतला आणि सांगून टाकलं, की छातीच्या कॅन्सरचा दोष आपल्या रक्तात आहे, माझ्यात आहे, माझ्या लेकीत आहे. तुम्ही कुठंही दिलेल्या असा, तुमचे बाप-आजे इथलेच. जाऊन तपासून घ्या, लपवू नका. चुलतभावानं डीजेवाल्याला खूण केली आणि माझं शेवटचं वाक्य बेंजोच्या दणदणाटात बुडालं.

पण सिद्धगडाच्या पायथ्याला दिलेली एक पुतणी हळदीच्या हातांनीच मुलीजवळ आली आणि दवाखान्याचा पत्ता विचारू लागली. मग आणखी दोघी आल्या. मी छाती फुगवून बहिणीशेजारी जाऊन बसलो.

"तुला पण दर महिन्याला छाती चाचपून बघ म्हणून सांगितलंय डॉक्टरनी. बघतोस का?" तिनं विचारलं.

"मी पुरुषमाणूस. माझ्यात काय असणार गो?"

"डोक्यात काय नाय ते आमी बघितलंच," ती म्हणाली. "छातीत तरी बघून घे."